टाळ्या वाजवून नॉर्वेजियन शब्द तुटत नाहीत!

ओस्लोवासी: काल इथं एकानं ठोकून दिलं, "ओळ संपली आणि लांबलचक नॉर्वेजियन शब्द मावेना? टाळ्या वाजवा, टाळी पडेल तिथं तोडा." अहो, 'बीलदेलर' घ्या. बील म्हणजे गाडी, देलर म्हणजे भाग. टाळ्या तीन, तोडायच्या जागा दोन. त्यातला सांधा कुठला हे टाळी सांगते का? दुसऱ्या जागी तोडलंत की 'बिल्दे-लेर' होतं, म्हणजे 'चित्र हसतं'! 'बुस्स' (बस) आणि 'स्तोप्प' (थांबा) जोडून होणाऱ्या बसथांब्याचं तर विचारूच नका. जोडताना तीन एस होतात, म्हणून एक गाळतात. ओळीच्या शेवटी सांध्यावर तोडलं की गाळलेला एस परत लिहायचा. सूर्यास्त सोडवताना 'अस्त'चा अ परत येतो, तसाच. तो टाळीत कुठून ऐकू येणार?

चौकसचिंटू: मीच तो ठोकून देणारा. मुलीच्या शाळेत बाईच टाळ्या वाजवून घेतात. बार-ने-हा-गे, म्हणजे बालवाडी. कुठं चुकलं?

ओस्लोवासी: ती शब्दाचे उच्चारातले तुकडे मोजायची टाळी. ओळ तोडताना आधी बार्ने-हागे. बालवाडीचा शब्द आहे म्हणून बालवाडीतच राहायचं का?

लसूणचटणी: माझा राग वेगळाच. जोडून लिहायचे शब्द लोक सर्रास सुटे लिहितात. दुकानात पाटी: 'शिलिंग लेवर'. जोडून लिहिलं तर कोंबडीची कलेजी, सुटं लिहिलं तर 'कोंबडी जिवंत आहे'. मी शाकाहारी. गल्ल्यावरच्या मुलाला दाखवलं, तर म्हणतो, "मग तुम्हाला आनंदच व्हायला हवा."

बर्गनची काकू: शिलिंग नाही गं, ह्यिलिंग! २००९ मध्ये आले तेव्हा त्या एका 'ह्य'साठी बाईंनी माझी जीभ पिळून काढली. आणि आता माझा मुलगा 'ह्यॅरे'ला खुशाल 'शॅरे' म्हणतो. 'प्रिय'चा चक्क पक्षी झाला, मॅगपाय! वर मलाच ऐकवतो, "आई, वर्गात सगळे असंच बोलतात."

चौकसचिंटू: भाषा बदलते, काकू.

बर्गनची काकू: बदलते नाही, आळसावते. मी घाम गाळून शिकले ते काय फुकट?

लसूणचटणी: काकू, मी ऐकलं तसं लिहिलं. तो मुलगा शिलिंगच म्हणाला.

बर्गनची काकू: तेच तर रडणं आहे!

ओस्लोवासी: मंडळी, धागा ओळ तोडण्याचा आहे. जिभा नव्हे.

चौकसचिंटू: बरं महाराज. आधी सांध्यावर तोडतो, मग उरलेल्या तुकड्यांवर टाळ्या वाजवतो. चालेल?

ओस्लोवासी: चालेल. हळू वाजवा.

बर्गनची काकू: टाळ्या राहू देत, दोघांनी आधी ह्यिलिंग म्हणून दाखवा.