मदत हवी आहे: विक्रेत्याला खरी किंमत ठाऊक नसेल तर?

जुनी टपाल तिकिटे विकत घेऊन नफ्याने विकण्यात मला मुळात गैर वाटत नाही, कारण पारखीलाही मोल असतेच. १८४० चे ‘पेनी ब्लॅक’ (ब्रिटनमधले, जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट) ६ कोटी ८० लाखांहून अधिक छापले गेले होते. त्यामुळे त्याची किंमत नुसत्या जुनेपणावर नव्हे, तर कडा, शिक्का आणि छपाईची पाटी यांवर ठरते, आणि हे जाणकारालाच कळते. मात्र वारशाने आलेला संग्रह कोणी अजाणतेपणी रद्दीच्या भावात देऊ करत असेल, तर त्यातील दुर्मीळ तिकिटाची कल्पना देणे खरेदीदाराचे कर्तव्य मानावे का? (विक्रेता व्यापारी असल्यास माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे.) तसेच, पुढे मोठा नफा झाल्यास मूळ मालकाला वाटा देण्याची पद्धत आपल्यापैकी कोणी पाळते का, हे कृपया कळवावे.