आल्पुहार्रा : बर्फाच्या डोंगराखालच्या पांढऱ्या गावांचे अनुभव

स्पेनला जाणारी आपली बहुतेक मंडळी ग्रानादाला उतरतात, अलांब्रा हा सुलतानांचा जुना राजवाडा पाहतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहराची गाडी धरतात. अलांब्राच्या मागे बर्फाचा जो डोंगर दिसतो, तो सिएरा नेवादा. त्याच्या पलीकडच्या, दक्षिणेकडच्या उतारावर आल्पुहार्रा नावाचा मुलूख आहे. दऱ्या, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि चुन्याने रंगवलेली गावं. १४९२ मध्ये ग्रानादाचं मुसलमान राज्य ख्रिस्ती राजांच्या हाती पडल्यावर तिथल्या शेवटच्या सुलतानाला राहायला हाच भाग दिला होता. मागे उरलेल्या मोरिस्को लोकांनी, म्हणजे ख्रिस्ती व्हावं लागलेल्या मुसलमानांनी, १५६८ मध्ये इथेच बंड केलं. ते मोडल्यावर जवळजवळ सगळ्यांना हाकललं आणि उत्तरेकडची कुटुंबं आणून वसवली. पाट आणि शेतं कशी चालतात हे नव्या लोकांना शिकवायला प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवून घेतली, असं तिथे सांगतात.

मी जानेवारीच्या शेवटी पाच दिवस बुबियोनला राहिले. पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावं पोकेइरा दरीत एकावर एक आहेत. खालचं गाव सुमारे १,०५० मीटरवर, वरचं सुमारे १,४३० वर. खेचरांच्या जुन्या पायवाटेने हळूहळू चढलं तर दीड-दोन तास लागतात. पांपानेइरात एका गल्लीच्या मधोमध दगडी पन्हळ आहे आणि तिच्यातून सतत पाणी धावत असतं. बुबियोनलाही रात्री झोपताना खिडकीतून असाच पाण्याचा आवाज येई. गावात जागोजागी रस्त्यावरच छत असतं, म्हणजे एका घराची खोली गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीवर टेकलेली. त्याला तिनाओ म्हणतात. खाली सावली, एखादं बाकडं, जिरेनियमच्या कुंड्या, आणि पावसात उभं राहायला जागा. मी तिथे बसून हाताने विणलेल्या हारापा सतरंज्या विकणाऱ्या बाईंशी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये तासभर बोलले. त्या शेवटपर्यंत काही घ्या म्हणाल्या नाहीत.

ज्यांनी हा भाग पाहिलाय, तिथे राहिलात, चाललात, जेवलात, अडकलात, त्यांनी लिहावं. सविस्तर लिहा, घाई नको, आणि वर आपलं गाव टाका.

मूळ अंबाजोगाई, सध्या म्युनिक

मला तिथे आधी दिसली ती छपरं. कापिलेइराच्या वरच्या वाटेवरून खाली पाहिलं तर कौल एकही नाही. सगळी सपाट, करड्या-निळसर मातीची छपरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण असल्यासारखी. मी बायकोला म्हटलं, अगं, हे माळवद आहे!

घरमालकांनी आम्हाला वर नेऊन दाखवलं. चेस्टनटच्या तुळया, त्यावर आडव्या फळ्या, त्यावर पाटीच्या दगडाच्या फरश्या आणि सगळ्यांत वर लाउना नावाची माती. ही माती पाणी आत सोडत नाही. दर काही वर्षांनी नवी आणून पसरतात. आमच्या आजोळी पावसाळ्याच्या तोंडावर पांढरीची माती गाढवावरून आणून माळवदावर टाकायचे आणि बडवून बसवायचे. मामा वरून ओरडायचा आणि आम्ही पोरं खाली घमेली भरायचो. मी मालकांना फोनवर आजोळचा जुना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो मोठा केला, पन्हळीवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. त्यांना पन्हळ कळली याचा मला फार आनंद झाला. आजोळचं माळवद आता नाही, त्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकला. तिथे मात्र या तीन गावांना १९८२ पासून संरक्षण आहे, त्यामुळे छपराचं रूप बदलता येत नाही.

धुराडी पाहायला विसरू नका. गोल, पांढरी, वर पाटीची टोपी आणि ती उडू नये म्हणून एक धोंडा.

ठाणे

आई-बाबांना घेऊन गेलो होतो, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. दोन्हींबद्दल लिहिते, कारण जाण्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

गावात सपाट असं काही नाही. गल्ल्या दगडी आणि तीव्र उताराच्या, ओल्या असल्या की निसरड्या. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही काठ्या विकत घेतल्या. खोली बसथांब्याजवळची घ्या, "फक्त पाच मिनिटं वर" या शब्दांवर जाऊ नका.

जेवणाचं म्हणाल तर हा डुकराच्या मांसाचा मुलूख आहे. इथल्याच त्रेवेलेस गावचं हॅम, म्हणजे डुकराची खारवून वाळवलेली मांडी, साऱ्या स्पेनमध्ये नावाजलेलं. डोंगरातल्या थंड, कोरड्या वाऱ्यावर ते वाळतं, आणि दुकानांत छताला शेकड्याने मांड्या टांगलेल्या असतात. बाबा आत शिरले नाहीत. तिथली ठरलेली थाळीही हॅम, सॉसेज, अंडं आणि बटाटे अशीच. त्यातले बटाटे मात्र वेगळे मागवता येतात. नाव 'पापास आ लो पोब्रे', म्हणजे गरिबाचे बटाटे. ऑलिव्ह तेलात मंद आचेवर कांदा आणि हिरव्या ढब्बू मिरचीबरोबर मऊ शिजवलेले. आईने तीन दिवस तेच आवडीने खाल्ले, वर घरून नेलेली लसणाची चटणी. मिगास नावाचा एक पदार्थ रव्याचा करतात, लसूण घालून तेलात परतून परतून मोकळा केलेला. अगदी आपल्या मोकळ्या उपम्याच्या जातीचा. वर मासे किंवा मांस घालतात, म्हणून आधी विचारा. पावसाच्या दिवशी मिगास करायचा असं आम्हाला वाढणाऱ्या काकूंनी सांगितलं, आणि आईने लगेच भजी कशी करतात ते हातवारे करून समजावलं.

पुणे

एकटाच गेलो होतो, नोव्हेंबरात. रविवारी दुपारी परतीची बस आहे असं मला माहिती देणाऱ्याने सांगितलं होतं. ती नव्हती. मी त्रेवेलेसच्या थांब्यावर दोन तास उभा राहिलो. दुपारची झोपेची वेळ, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि वरून धुकं उतरायला लागलं. गाव जवळजवळ दीड हजार मीटरवर, चार वाजताच हात बधिर झाले.

समोरच्या घरातल्या आजी दोनदा पडदा सारून बघून गेल्या. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि हातानेच बोलावलं. आत मेजाखाली शेगडी आणि मेजावरून जमिनीपर्यंत जाड कापड. पाय त्या कापडाखाली घेऊन बसायचं. त्यांनी भाजलेले चेस्टनट वर्तमानपत्रावर ओतले आणि एक सोलून दाखवला: टोकाशी चीर, अंगठ्याने दाब, आतलं तपकिरी सालही पूर्ण काढायचं, नाहीतर तुरट लागतं. मग त्यांच्या भाच्याने मला खालच्या ऑर्हिवा गावापर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी थांब्यावर स्वतः वाचा.

मूळ संगमेश्वर, सध्या लंडन

छपरांबद्दल आणि माणसांबद्दल वाचलं. मला तिथली बंद घरं विसरता येत नाहीत. दरीच्या कडेला चालताना गडग्यांच्या मजग्या, म्हणजे दगडी बांध घातलेली पायऱ्यांची शेतं दिसतात, थेट आपल्या कोकणातल्यासारखी. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवलेले. या बांधकामाची कला स्पेनसह आठ देशांच्या नावाने युनेस्कोने २०१८ मध्ये वारसा यादीत घेतली. पण निम्म्या मजग्या पडीक. गडगा एका जागी फुगतो, मग ढासळतो आणि पावसाबरोबर माती खाली जाते. १९५०-६० नंतर इथली तरुण पोरं बार्सिलोनाला आणि जर्मनीला कामाला गेली ती गेलीच. आमच्या वाडीतून मुंबईला गेली तशी.

ऑगस्टात मात्र गाव भरतं. ५ ऑगस्टला त्रेवेलेसचे लोक रात्रीच निघून मुलासेन शिखरावर जातात, जवळजवळ ३,४८० मीटर, बर्फाच्या देवीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, उत्सवाला. बाहेरगावचे त्यासाठी रजा काढून येतात. मला हे सांगणारा माणूस बासष्ट वर्षांचा, तीस वर्षं कारखान्यात काढून परत आलेला. म्हणाला, आईच्या घराचं दार उघडं राहावं म्हणून आलो. माझ्या आईचं घर बंद आहे. त्या संध्याकाळी मी चुलतभावाला फोन केला आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारलं.

नागपूर

एवढंच सांगायचं आहे की पोकेइरा दरीच्या समोरच्या डोंगरावर ओ सेल लिंग नावाचा तिबेटी बौद्ध मठ आहे. १९८२ मध्ये दलाई लामा तिथे आले आणि हे नाव त्यांनी दिलं. ख्रिस्ती देशात, एकेकाळी मुसलमान मूर लोकांच्या असलेल्या दरीवर फडफडणाऱ्या पताका बघून आई हात जोडून उभी राहिली. भेटीच्या वेळा ठरलेल्या आहेत, आधी पाहून जा. कच्चा रस्ता आहे.

मूळ धुळे, सध्या माद्रिद

मी पाण्याबद्दल लिहिते, कारण या गावांचा जीव तिथे आहे.

आमचं शेत पांझरा नदीच्या फडात, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या शेतीत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर पाटकरी. पाणी कुणाला, कधी, किती, हे गावाने ठरवायचं. आल्पुहार्रात पाटाला आसेकिया म्हणतात आणि पाटकऱ्याला आसेकिएरो. शब्द अरबीतून आलेला. पाळी ठरलेली, दर वसंतात पाट साफ करायला घराटी माणूस द्यायचा, भांडणं गावातच मिटवायची. मी हे ऐकत होते आणि मला वडील दिसत होते, रात्री कंदील घेऊन शेताला पाणी द्यायला, दारं धरायला निघालेले.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारेओचे पाट. हे शेतात जातच नाहीत. बर्फ वितळायला लागलं की उंचावरच्या ओढ्याचं पाणी यातून डोंगराच्या कुशीने नेतात आणि जिथे जमीन पाणी पिते तिथे सोडून देतात. ते आत मुरतं, आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून निघतं, नेमकं उन्हाळ्यात. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण भिंतींवर रंगवलं. यांनी शेकडो वर्षं डोंगर हीच टाकी मानली. पाटाच्या कडेची चेस्टनटची झाडंही त्याच पाझरावर जगतात.

माणसं गेली तसे पाटही बुजले. २०१४ पासून ग्रानादा विद्यापीठाची मंडळी गावकरी आणि स्वयंसेवकांना घेऊन ते मोकळे करतात. पहिला कान्यार गावचा होता. अशाच एका पाटावर मी दोन दिवस काम केलं. कुदळ, फावडं, मुळ्या तोडायला कोयता. पाण्याबरोबर आलेली माती दगडासारखी घट्ट झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वर कुणीतरी हाक मारली आणि आम्ही सगळे पाटाच्या काठावर उभे राहिलो. पाणी धावत येत नाही, हे मला माहीत होतं. कोरडा पाट आधी पितो. पाण्याचं तोंड माणसाच्या चालीने येत होतं, पुढे वाळक्या पानांचा ढीग ढकलत, आणि त्याच्याही पुढे एक ऐंशीचे आजोबा उलटे चालत फावड्याने पानं बाजूला ओढत होते. एके ठिकाणी पाणी थांबलं. सगळे गप्प. आजोबांनी वाकून एक दगड काढला, हात आत घालून मुठीत चिखल धरला, फेकला, आणि पाणी पुढे निघालं.