दुकानाचा बोर्ड, सिगरेट कंपनीची ऑफर आणि वेप: नक्की काय चालतं? (पुणे)

गाळेवाला_पुणे

नमस्कार मंडळी, आमचं जनरल स्टोअर आहे, आता जुना गाळा सोडून एका कॉलेजजवळ नवीन गाळा घ्यायचं चाललंय, टोकन अजून दिलं नाहीये. दोन गोष्टींवर अडलोय.

एक म्हणजे बोर्ड. सिगरेटच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस येऊन गेला, म्हणतो शटरच्या वर अख्खा लाइटवाला बोर्ड आम्ही फुकट लावून देतो, मधे तुमचं नाव आणि दोन्ही बाजूला आमचा ब्रँड, शिवाय दर महिन्याला थोडे पैसे. डिझाइन दाखवलं त्यात नाव इंग्लिशमध्ये मोठं आणि मराठीत खाली कोपऱ्यात बारीक. दुकानात मी आणि आप्पाच असतो, कामगार कुणी नाही, मग मराठीचा नियम आम्हाला लागतो का?

दुसरं, ओळखीतला एकजण मागे लागलाय की वेपचे, म्हणजे ई-सिगरेटचे, पॉड ठेव, कॉलेजची पोरं घेतात, मार्जिन भरपूर आहे, निकोटिन नसलेले हर्बल ठेवले की झालं, मनपाचं लायसन्स काढून घे म्हणजे कुणी विचारत नाही. आप्पा सरळ नको म्हणतायत. मला नियम काय आहे ते कळलं की मी त्या माणसाला तोंडावर सांगू शकेन.

शॉपअ‍ॅक्ट_काका

आप्पांचं ऐका. आधी वेपचंच सांगतो कारण त्यात तुम्ही अडकलात तर प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं.

ई-सिगरेटवर देशभर बंदी आहे. 18 सप्टेंबर 2019 ला केंद्राचा अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात सगळंच बंद, त्यामुळे पुणे काय मुंबई काय, कुठलीच महापालिका याचं लायसन्स देऊ शकत नाही, जो कुणी देतो म्हणेल तो तुम्हाला फसवतोय. पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. आणि निकोटिन नाही, हर्बल आहे वगैरेचा काही उपयोग नाही, कारण व्याख्येतच लिहिलंय की निकोटिन असो वा नसो, पदार्थ गरम करून ओढायची वाफ तयार करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे ई-सिगरेट. ई-हुक्का पण त्यातच.

अजून एक, तो ओळखीचा उद्या म्हणेल तू विकू नको, माझे बॉक्स फक्त मागच्या खोलीत राहू दे. त्यालाही नाही म्हणा. माहीत असून आपल्या जागेत साठा ठेवू दिला तरी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता बोर्ड. मराठीचा नियम तुम्हालाही लागतो. आधी 10 पेक्षा कमी कामगार असलेली दुकानं सुटायची, शॉप अ‍ॅक्टच्या (दुकानं-आस्थापनांचा राज्याचा कायदा) 2022 च्या दुरुस्तीत ती सूट काढली. नाव आधी मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं बाकीच्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. व्यापारी संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, सप्टेंबर 2023 मध्ये कोर्टाने दोन महिन्यांत बोर्ड बदला म्हणून सांगितलं. तेव्हा ते डिझाइन गेलंच समजा. मुंबईत हे महापालिका बघते, आपल्याकडे पुण्यात शॉप अ‍ॅक्ट कामगार खात्याकडे आहे, हे लक्षात ठेवा नाहीतर उगाच चुकीच्या ऑफिसात खेटे घालत बसाल. महापालिकेकडे तुमचं काम बोर्डाच्या परवानगीचं आणि फीचं, ते आकाशचिन्ह व परवाना विभागात.

निशा_ज्युनिअरकॉलेज

दादा, मी अकरावी बारावीला शिकवते. मुलांच्या कंपासमध्ये हे पॉड सापडतात, पेनड्राइव्हसारखे दिसतात आणि वास फळांचा त्यामुळे घरी आईवडिलांना कळतच नाही. मुलं सांगतात मॅडम यात काही नसतं. काय असतं ते त्यांनाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही नाही, कारण सगळा माल चोरून आलेला, त्याच्या पाकिटावर जे लिहिलंय ते कुणी तपासलेलं नाही. तुम्ही विचारलंत हेच मला बरं वाटलं. आमच्या भागातले बाकीचे दुकानदार विचारत नाहीत, काउंटरखालून देतात.

आणि वेप सोडा, गाळा कॉलेजच्या किती जवळ आहे? शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत साधी सिगरेट, तंबाखू पण विकता येत नाही. 2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाच्या, कायद्याचं कलम 6 बघा.

गाळेवाला_पुणे

धन्यवाद काका, मॅडम. हे 100 यार्डांचं मला माहीतच नव्हतं. कॉलेजचं मेन गेट चालत गेलं तर बरंच लांब आहे, रस्ता वळसा घालून जातो, पण मागची कंपाउंड वॉल जवळ दिसते. मग कुठून मोजायचं?

शॉपअ‍ॅक्ट_काका

गेटपासून नाही. संस्थेच्या बाहेरच्या हद्दीपासून, म्हणजे भिंत किंवा कुंपण जिथे संपतं तिथून, आणि सरळ रेषेत, रस्त्याने नाही. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. म्हणजे तुमच्या बाबतीत मागची भिंतच धरायची. टोकन द्यायच्या आधी टेप घेऊन जा. 91 च्या आत आलात तर सिगरेटचं गिऱ्हाईक डोक्यातून काढून मग भाडं परवडतं का ते बघा, वह्या, झेरॉक्स, कोल्ड्रिंक यावर चालत असेल तर घ्या.

गाळा 91 मीटरच्या बाहेर निघाला तरी तो फुकटचा बोर्ड नको. दुकानावर तंबाखूच्या बोर्डाला 60 बाय 45 सेंटीमीटरची मर्यादा आहे, त्यावर फक्त तंबाखूचे कुठले प्रकार मिळतात तेवढं लिहायचं, ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचा फोटो नाही, लाइट तर अजिबात नाही, आणि वर इशारा. ते जे लावून देतायत ते यातल्या एकाही गोष्टीत बसत नाही. कारवाई झाली की माणूस फोन उचलणार नाही, नोटीस तुमच्या नावावर येईल. 18 वर्षांखालच्यांना विक्री नाही याची पाटी मात्र लावावीच लागते.

फॅब्रिकेशन_पिंपरी

दुकानाच्या नावाचा बोर्ड स्वतःच्या खर्चाने केलात तर फ्रेमवर पैसे वाचवू नका एवढंच सांगतो. 2023 ला पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात होर्डिंग पडून 5 जण गेले, पुढच्या वर्षी 13 मे ला घाटकोपरला 17. ती मोठी होर्डिंग होती हे खरं, पण दुकानाच्या बोर्डाखाली पण माणसं उभी राहतात, पावसात तर हमखास. फुटपाथवर बाहेर काढू नका, भिंतीला लागून घ्या, अँकर फास्टनर (फ्रेम धरणारे बोल्ट) विटांत नाही काँक्रीटच्या बीममध्ये मारायला सांगा. लाइटच्या वायरला वेगळा एमसीबी (शॉर्ट सर्किट झालं की आपोआप पडणारा स्विच) घ्या.

आणि भाडेकरारात शटरवरची जागा बोर्डासाठी तुमची आहे असं लिहून घ्या, सोसायटीची बिल्डिंग असेल तर त्यांची एनओसी पण, नाहीतर बोर्ड तयार झाल्यावर वरच्या मजल्यावरचे हरकत घेतात आणि तो गोडाऊनला पडून राहतो.