पॉलिमर थरांच्या आत की बाहेर?

पॉलिमर (लांब साखळीसारखे रेणू) मिसळल्यावर लॅमेलर द्रवस्फटिकातले, म्हणजे थरावर थर रचलेल्या द्रवस्फटिकातले, सर्फॅक्टंटचे (साबणासारख्या, एक टोक जलस्नेही आणि दुसरे जलविरोधी असलेल्या रेणूंचे) थर नेहमीच एकमेकांपासून लांब जातात, असे म्हटले जाते; पण हे विधान सरसकट मान्य करता येणार नाही. सुमारे 20,000 रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची पाण्यातली गुंडाळी जवळजवळ 7 नॅनोमीटर त्रिज्येची असते. द्विस्तरांमधले (सर्फॅक्टंटच्या दुहेरी थरांमधले) पाणी 3 नॅनोमीटर जाडीचेच असेल, तर तिथे शिरण्यासाठी साखळीला हवा तो आकार घेण्याची मोकळीक गमवावी लागते, म्हणून ती बाहेरच राहते आणि परासरण दाबामुळे (पाणी पॉलिमरच्या विरळ बाजूकडून दाट बाजूकडे खेचणाऱ्या दाबामुळे) आतले पाणी ओढून घेऊन थर उलट जवळ आणते. थरांमधले अंतर हवे तेवढे कमी करण्यासाठी प्रयोगशाळेत हीच युक्ती मुद्दाम वापरतात. साखळीला जलविरोधी टोके जोडली की मात्र चित्र पालटते, कारण ही टोके द्विस्तरात रुतून बसतात आणि साखळी बाहेर राहत नाही. विरुद्ध विद्युतभारांची गोष्ट आणखी निराळी: सीटॅब (धनभारित सर्फॅक्टंट) आणि ऋणभारित डीएनए यांच्या संकुलात षट्कोनी रचना आढळते, आणि नमुन्यातून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आलेखातली शिखरे थरांच्या रचनेतल्या 1 : 2 : 3 ऐवजी 1 : √3 : 2 या प्रमाणात पडतात. सूक्ष्मदर्शकातल्या नुसत्या पोतावरून निष्कर्ष काढण्याआधी ही शिखरे तपासलेली बरी.