मदत हवी आहे: रॉबर्ट बाहुल्याची भीती मुलीच्या मनातून कशी काढू?

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने कुठेतरी त्या रॉबर्ट बाहुल्याचा (लोक ज्याला झपाटलेला म्हणतात) व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून तिने स्वतःची सगळ्यात लाडकी बाहुली कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवलीय, रात्री उठून दार नीट लागलंय ना बघते, मला खूप वाईट वाटतं हो.

मी थोडं वाचलं. फ्लोरिडातल्या की वेस्टचा हा बाहुला, जर्मनीच्या श्टाइफ कंपनीचा, आत लाकडाचा बारीक कीस, अंगात खलाशाचा ड्रेस आणि मांडीवर छोटा कुत्रा. रॉबर्ट यूजीन ओटो नावाच्या मुलाचा होता, तो पुढे चित्रकार झाला, १९७४ मध्ये वारला. लहानपणी घरात काही मोडलं की ओटो म्हणायचा, हे रॉबर्ट बाहुल्याने केलं! १९९४ पासून बाहुला तिथल्या म्युझियममध्ये आहे आणि न विचारता फोटो काढला म्हणून लोक त्याला चक्क माफीची पत्रं पाठवतात.

नेमकं त्या पत्रांमुळेच तिला सगळं खरं वाटतंय. "मोठी माणसं उगाच सॉरी म्हणतील का?" या प्रश्नावर काय उत्तर देऊ? बाहुली बाहेर काढू की तिची ती काढेपर्यंत थांबू? कोणाच्या मुलांना असं झालं असेल तर प्लीज सांगा.