मदत हवी आहे: मालिश केली की दोन दिवस बरं, मग कंबर पुन्हा तीच. घरी काय करू?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४३, मुक्काम मिरज. सोळा वर्षं घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. मशीनला मोटर आहे, त्यामुळे पायांना त्रास नाही. पण दिवाळीच्या गर्दीत कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. सकाळी उठल्या उठल्या वाकून बादली उचलवत नाही. दुपारी जरा बरं असतं, संध्याकाळी उजव्या कुल्ल्यात ठणका. त्यात परवा नणंद म्हणाली, "वहिनी, पोक येतंय हं तुला." लग्नातले फोटो काढून बघितले, तर खरंच खांदे पुढे आलेत.

एमआरआय झाला. एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे चकती बाहेर फुगलेली, आणि झीज, असं रिपोर्टात आहे. "यापुढे वाकायचं नाही," असं सांगून डॉक्टरांनी हातात बेल्ट दिला. आता शिवणारणीने वाकायचं नाही म्हणजे काय करायचं? बेल्ट लावून मशीनवर बसलं की तो पोटात रुततो. गोळ्यांनी पित्त होतं.

बाळंतिणीला तेल लावणाऱ्या एक मावशी गल्लीत येतात. कोमट तिळाच्या तेलाने त्यांनी कंबर रगडली की दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी जैसे थे. एका वेळचे ३०० रुपये, म्हणजे आठवड्याला दोन ब्लाउजची शिलाई तेलात जाते. टिकेल असं काही घरच्या घरी करता येईल का? आणि हे पोक या वयात जातं का?

चहाटळ
आमच्या चुलत्यांना एका हाड बसवणाऱ्याने पालथं झोपवून पाठीवर पाय दिला. कट्ट आवाज आला आणि गडी चालत घरी. पत्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दगडफूल
चहाटळराव, असाच पाय आमच्या वडिलांच्याही पाठीवर पडला होता. वय ७१, हाडं ठिसूळ. मणक्याला फ्रॅक्चर झालं, तीन महिने अंथरुणात. पत्ता व्यनिमध्येच राहू द्या.

मणक्यावरचा_वेताळ
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, हे धरून वाचा. आधी सांगा, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, चालताना पाऊल लटकं पडणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही आहे? असेल तर धागा मिटा आणि आजच डॉक्टर गाठा.

नसेल तर पहिल्यांदा रिपोर्टाचं भूत उतरवा. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा छापला गेला. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांना डिस्क बल्ज होता! केस पिकतात तशातलाच हा प्रकार. त्यामुळे तुमचं दुखणं खोटं ठरत नाही, पण 'वाकलं की मणका मोडेल' ही भीती सोडायला हरकत नाही.

बेल्टचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाला जागा आहे, मालिशलाही आहे. बेल्ट आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देऊन ओढणं) मात्र सरसकट देऊ नका असं म्हटलंय. आपल्याकडे नेमकं उलट चालतं, त्यावर बोलायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

मालिश टिकत नाही हा तुमचा एकटीचा अनुभव नाही. ब्रिटनमध्ये ५७९ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. मालिश घेतलेल्यांना तीन महिन्यांनी फरक होता, वर्षाने तो जवळपास पुसला गेला. उठणं, बसणं, वाकणं नव्याने शिकवणारे अलेक्झांडर तंत्राचे धडे ज्यांनी घेतले, त्यांचा फरक वर्षभर टिकला. तेव्हा मावशींना सोडू नका, पण त्या तेल लावून गेल्या की तासाभरात व्यायाम करा. अंग मोकळं असतं तेव्हाच शिकून घ्यायचं.

सकाळची बादली: रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकणं टाळा. बादली अर्धी भरा, स्टुलावर ठेवा.

आता एक विचारतो. कापड बेतता कुठे?

सुईदोरा
तुम्ही विचारलेलं काहीच नाही, देवाची कृपा. कापड जमिनीवर बेतते. चटई टाकून, मांडी घालून नाहीतर उकिडवी बसून. रोज दोन-अडीच तास होत असतील.

मणक्यावरचा_वेताळ
सापडला चोर! मशीनवर तुम्ही निदान सरळ तरी बसता. जमिनीवरचं कापड बेतताना अख्खी पाठ कमान होऊन दोन तास लोंबकळते आणि वर खडूसाठी हात लांब. पोकही बरंचसं तिथलंच. कापड उभ्याने बेता, टेबल कोपरापेक्षा वीतभर खाली येईल एवढं. स्वयंपाकाचा ओटा दुपारी रिकामा असतो ना?

व्यायाम थोडेच सांगतो.

ओणवं रांगायच्या स्थितीत या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे एका रेषेत ताणून आठ-दहा सेकंद धरा, मग दुसरी बाजू. कंबरेवर पाण्याचा तांब्या ठेवलाय आणि तो सांडायचा नाही असं समजा. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. दुसरा व्यायाम कुशीवर: कोपर आणि गुडघे टेकवून कंबर उचलून धरायची, तेवढेच सेकंद. हे दोन्ही कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांतले आहेत. तिसरा तुमच्यासाठी आत्ता ठेवत नाही, त्याऐवजी सेतुबंधासन करा, म्हणजे उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची.

आणि लांब झाडूचा दांडा घ्या. नाही, मारायला नाही. तो पाठीला उभा लावा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. एकही जागा न सुटता कुल्ले मागे ढकलून वाका. पहिले चार दिवस हसू येईल. हे जमलं की बादली, गॅस सिलिंडर, कापडाचा गठ्ठा, सगळं असंच उचलायचं.

व्यायामाने दुखणं पायाकडे उतरायला लागलं तर थांबा. पायाकडून कंबरेकडे सरकलं तर ते चांगलं लक्षण.

आठवणीतला_पाट
ताई, पुण्यात असता तर मॉडेल कॉलनीतल्या योगगुरू अय्यंगारांच्या योग संस्थेत जा म्हटलं असतं. १९७५ पासून चालू आहे, भिंतीला दोर बांधलेले असतात. मिरजेत ओट्यावरच भागवा. दोन्ही तळवे ओट्यावर ठेवायचे, पाय मागे मागे नेत पाठ टेबलासारखी सपाट करायची, गुडघे किंचित वाकलेले चालतील. दर तासाला पाच श्वास होईपर्यंत असं थांबायचं. माझा खांद्याचा आखडलेपणा यानेच गेला, आणि काम अडत नाही.

सुईदोरा
सात आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल माफी.

ओटा मला उंच पडला (मी जेमतेम पाच फूट), खांदे दुखायला लागले. मग नवऱ्याने मुलाचं जुनं अभ्यासाचं टेबल चार विटांवर चढवलं. उभ्याने बेतायला पहिला आठवडा जीव नकोसा झाला, हात वाकडा जायचा. एक बाही चक्क उलटी कापली, गिऱ्हाइकाला नवीन अस्तर द्यावं लागलं. आता हात बसलाय.

तांब्याचा व्यायाम खरोखरचा तांब्या ठेवून केला. दोनदा सांडला. दांड्याने वाकताना सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन खूळ?" आता त्याच मला ओरडतात, दांडा कुठे गेला म्हणून.

सकाळची कळ निम्म्याहून कमी आहे. लग्नसराईत सलग चार दिवस बसले तेव्हा ठणका आला, पण दोन दिवसांत उतरला. मावशी पंधरवड्यातून एकदा. पोकाचं काही कळत नाही, नणंद भेटली की विचारीन.

एक राहिलं. साडीला हाताने फॉल लावताना मान पाऊण-पाऊण तास खाली असते. तिथे विटा कुठे लावू?

मणक्यावरचा_वेताळ
मांडीवर दोन उश्या घ्या आणि साडी वर आणा. आणि चष्म्याचा नंबर कधी तपासलाय शेवटचा?

सुईदोरा
अगं बाई. चार वर्षं झाली असतील.