जेल पॅकबद्दल थोडं

उन्हाळ्यात कुरिअरने चॉकलेट पाठवायचं तर थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक (फ्रीजरमध्ये गोठवून गारव्यासाठी ठेवायच्या जेलच्या पिशव्या) घालून पाठवा असं सुचवलं जातं. डब्याचं अगदी बरोबर, पण ‘जेल पॅक जितके जास्त तितकं चांगलं’ हे मात्र पटत नाही. चॉकलेटमधला स्निग्धांश, म्हणजे कोको बटर, साधारण ३४ अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यात नागपूरला पाठवायचं तर गारवा हवाच. पण गार झालेल्या चॉकलेटवर दमट हवेतलं पाणी धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी सुकलं की पांढरा खरखरीत थर उरतो. बहिणीला पाठवलेल्या डब्यात नेमकं हेच झालं होतं आणि तिला ती बुरशी वाटली. बोटाने चोळून बघा: खरखरीत लागलं तर साखर, तुपकट होऊन पुसलं गेलं तर वितळून पुन्हा गोठलेलं कोको बटर. दोन्ही बिनधास्त खाता येतात.

म्हणून चॉकलेट आधी हवाबंद पिशवीत घाला, जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. आणि ज्यांना पाठवताय त्यांना आवर्जून कळवा की पार्सल आल्या आल्या आतली पिशवी फोडायची नाही, चॉकलेट खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. कुरिअर शक्यतो सोमवारी द्या, म्हणजे रविवारी डबा गोदामात तापत पडत नाही.